धागा: गंभीर पेशंटच्या घरच्यांना सिस्टरकडून नेमकं काय हवं असतं?

तापीकाठची_सिस्टर (धुळे जिल्हा)

नमस्कार मंडळी. मी मेडिसिन वॉर्डात स्टाफ नर्स आहे. लवकरच जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) मुलींची नवीन बॅच आमच्याकडे पोस्टिंगला येतेय आणि इन्चार्ज सिस्टरांनी एक तास माझ्या गळ्यात मारलाय: 'गंभीर पेशंटच्या नातेवाइकांशी कसं वागायचं'.

पुस्तकातलं मी सांगेनच. वाईट बातमी सांगायची सहा पायऱ्यांची 'स्पाइक्स' पद्धत आहे. बसून बोला, आधी त्यांना काय ठाऊक आहे ते विचारा, मग हळूहळू सांगा, वगैरे. त्यात चूक काही नाही. पण ती मुळात डॉक्टरांसाठी लिहिलेली, आणि दार लावून बसायला खोली आहे असं गृहीत धरून. आमच्याकडे साक्रीहून, शिरपूरहून पेशंट आला की मागे जीपभर माणसं येतात. बोलणं होतं दोन खाटांच्या मधल्या बोळीत, एक हात सलाईनवर ठेवून.

म्हणून तुम्हाला विचारते. ज्यांच्या घरात कॅन्सर, लकवा, डायलिसिस किंवा शेवटचं आजारपण झालंय त्यांनी सांगा: सिस्टरने केलेली कोणती गोष्ट खरंच कामी आली? कोणती न केल्यामुळे अडलं? 'फार धीर दिला', 'देवमाणूस' असलं नको. मुलींना करून दाखवता येईल असं सांगा. आणि दवाखान्यांची नावं टाकू नका, इथे भांडणं नकोत.

केळीवाला_रावेर

ताई, वडिलांना लकवा झाला तेव्हा नाकात नळी घालून घरी सोडलं. सुटीच्या कागदावर एक ओळ: 'आर.टी. फीड दर दोन तासांनी', म्हणजे त्या नळीतून पातळ अन्न. आमच्या घरात केळीच्या बागेला ठिबक सोडणं लहान पोरालाही येतं, पण बापाच्या नाकातून पेज सोडायची म्हटल्यावर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले.

सुटीच्या आदल्या दिवशी एका सिस्टरने माझ्या बायकोला बोलावलं. म्हणाली, वहिनी, उद्यापासून हे तुम्हीच करणार, तर आज माझ्यासमोर करा. आणि स्वतः हात मागे बांधून उभी राहिली. नळीवरची खूण नाकापाशीच आहे ना, सरकली तर नाही, हे आधी बघायचं. खूण सरकलेली दिसली तर काही सोडायचं नाही, फोन करायचा. खाटेची डोक्याकडची बाजू उंच. सिरिंजचा दांडा काढून ठेवायचा, नुसती नळकांडी वर धरायची, पेज आपोआप उतरू द्यायची, दाबायचं नाही. खोकला आला किंवा चेहरा बदलला की थांबायचं. शेवटी थोडं पाणी सोडून नळी धुवायची आणि निदान अर्धा तास बाबांना आडवं करायचं नाही.

बायकोचा हात लटलट हलत होता, अर्धी पेज चादरीवर. सिस्टर रागावली नाही आणि मदतीलाही आली नाही. पुढचं फीड माझ्याकडून करवून घेतलं. 'वहिनींना ताप आला तर कोण देणार?' म्हणाली. हे कोणी विचारतच नाही हो. तुमच्या पोरींना हात मागे बांधून उभं राहायला शिकवा, बाकी काही नको.

रात्रपाळी_ब्रदर (जळगाव)

वाचायला छान वाटतं. रात्री आम्ही दोघं, खाटा भरलेल्या, खाली गाद्या टाकलेल्या. एकाला पेज शिकवत बसलो तर पलीकडच्याचं ऑक्सिजन कोण बघणार? नातेवाइकांशी गोड बोला हे सांगणारे सगळे दिवसपाळीचे असतात.

आणि मारहाणीचं पण बोला. डॉक्टर-नर्सवर हात उचलला तर शिक्षा, असा आपल्या राज्यात २०१०चा कायदा आहे. आमच्या भिंतीवर त्याचा बोर्डही आहे. बोर्ड वाचून कोणी थांबल्याचं बघितलं नाही. पण भांडण सुरू कुठून होतं ते सांगतो. एक, चार तास कोणी काहीच सांगितलेलं नसतं. दोन, दोघांना दोन वेगवेगळं सांगितलेलं असतं. सकाळी डॉक्टर थोरल्याला सांगतात 'हालत नाजूक आहे', दुपारी सिस्टर धाकट्याला म्हणते 'आज बरे दिसतात'. संध्याकाळी दोघं भाऊ चहाच्या टपरीवर भेटतात आणि रात्री माझ्या अंगावर येतात. 'बरे दिसतात' हे दोन शब्द तेवढे बंद करा तुमच्या बॅचला.

तापीकाठची_सिस्टर

ब्रदर, वेळेचं अगदी खरं. म्हणूनच वेगळा वेळ काढा असं मी सांगणार नाही. आपण तापमान घेतो, सलाईन बदलतो, कूस बदलतो, तेव्हा तोंड रिकामंच असतं. 'आता हे इंजेक्शन देतेय, याने लघवी वाढेल, घाबरू नका' एवढं हात चालू असताना बोलता येतं. आणि चार तासांच्या गप्प बसण्यावर माझा उपाय साधा आहे. सांगण्यासारखं काही नसलं तरी एक फेरी मारून तेच सांगायचं: 'अजून रिपोर्ट आला नाही, पाच वाजता परत विचारते.' आणि पाच वाजता जायचं. नाही गेलं तर न सांगितलेलंच बरं होतं.

दोघांना दोन गोष्टी, यासाठी केसपेपरच्या कोपऱ्यात आम्ही बोलायच्या माणसाचं नाव आणि फोन लिहितो. फक्त तो माणूस निवडताना घोळ होतो. जो सगळ्यात मोठ्याने बोलतो तो पुढे येतो. नाहीतर पुण्याहून फोनवर असलेला नोकरीवाला भाचा. निर्णय तो घेणार, आणि रात्रभर खाटेशी बसणारी सून, तिला कोणी काही सांगत नाही. मी दोन नावं लिहिते, ठरवणारा एक आणि करणारी एक, आणि दोघांना एकत्र उभं करून एकदाच सांगते.

अमळनेरची_लेक

आईला कॅन्सर होता. आम्ही भावंडांनी ठरवलं, तिला कळू द्यायचं नाही. वॉर्डात पाय ठेवल्या ठेवल्या सिस्टरना बाजूला घेऊन सांगितलं. मला वाटलं होतं त्या एकतर 'हो हो' म्हणतील, नाहीतर पेशंटचे हक्क ऐकवतील.

त्यांनी विचारलं, 'तुम्हाला भीती कशाची वाटते?' दादा म्हणाला, ती हाय खाईल, जेवण सोडेल. सिस्टर म्हणाल्या, 'मी आपणहून काही सांगणार नाही. पण त्यांनी मला सरळ विचारलं तर खोटंही बोलणार नाही. आधी त्यांना काय वाटतंय ते विचारीन, आणि मग डॉक्टरांना बोलावीन. चालेल?' यावर आम्ही काय बोलणार.

नंतर एका रात्री आईनेच त्यांना विचारलं, 'बाई, आखाजीला लेकी माहेरी येतात. तोवर मी राहीन का?' म्हणजे तिला सगळं समजलं होतं, आमच्यासमोर मात्र ती गप्प आणि तिच्यासमोर आम्ही. सिस्टरने सकाळी आम्हाला जसंच्या तसं सांगितलं, डॉक्टरांना आणलं, सगळे बसलो. आईने जेवण सोडलं नाही. उलट गोट कुणाला, पाटल्या कुणाला, उसनवारी कुणाकडे, बँकेच्या पुस्तकावर कुणाचं नाव लावायचं, सगळं एका दुपारी बोलून टाकलं. धाकट्या वहिनीशी कित्येक वर्षांचा अबोला होता तोही संपला.

तर तुमच्या विद्यार्थिनींना तो प्रश्न शिकवा: भीती कशाची वाटते?

जुना_मास्तर_चाळीसगाव

ताईंच्या आईंचं ठीक झालं. पण सगळ्यांना सांगितलंच पाहिजे असा नियम करू नये. माझे थोरले बंधू स्वतःच म्हणाले होते, 'मला रिपोर्ट सांगू नका, पोराला सांगा, तो जे करील ते मान्य.' एका हौशी शिकाऊ मुलीने तरी त्यांना समजावायचा प्रयत्न केला, तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून झोपले आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. न ऐकण्याचाही माणसाला अधिकार असतो.

तापीकाठची_सिस्टर

मास्तर, बरोबर. म्हणून पहिला प्रश्न पेशंटलाच: 'तपासण्यांचं तुम्हाला स्वतःला सांगायचं का घरातल्या कुणाला?' त्यांनी पोराकडे बोट दाखवलं की विषय संपला. आणि हेही खरं की निदान सांगणं हे आमचं काम नाही, ते डॉक्टरांचं. सांगून झाल्यावर डॉक्टर पुढच्या खाटेकडे जातात, तेव्हा माणूस आमच्याकडे वळून विचारतो, 'सिस्टर, ते काय म्हणाले?' आमचं काम तिथून सुरू होतं.

जिभाऊ_पारोळा

माले एकच म्हननं शे. सिस्टर गोड नही बोलनी तरी चाली, पन खरं सांगाले जोयजे. माय ले घर लई जावानं का आठेच ठेवानं, एवढंच आम्हले समजे नही. जो तो म्हने 'तुमनी मर्जी'.

तापीकाठची_सिस्टर

जिभाऊ, 'तुमनी मर्जी' हे मी फळ्यावर लिहिणार आहे. घरच्यांवर टाकलेलं सगळ्यात मोठं ओझं ते. मर्जी विचारायची तर आधी सांगायला नको का, की घरी नेलं तर काय काय होईल, इथे ठेवलं तर काय वेगळं होईल, आणि घरी रात्री त्रास वाढला तर कुणाला फोन करायचा?

सातपुडा_एएनएम

मी धडगाव भागात काम करते. आमच्याकडून पेशंट नंदुरबारला जातो, काही सुरतेला. तिथून परत आल्यावर घरचे मला विचारतात, काय झालं होतं? कारण तिथे कुणाला पावरी, आमच्या लोकांची बोली, येत नाही. मग दहा वर्षांचा नातू शाळेत मराठी शिकलेला असतो, त्याच्याकडून सांगून घेतात की तुझी आजी वाचणार नाही. असं करू नका. वॉर्डातले मामा, सफाईवाली मावशी, ट्रेनिंगला आलेली आमच्याकडची मुलगी, कोणीतरी मोठं माणूस शोधा. फोनवर आशाताईला लावा, ती समजावते.

दुसरं, डामाबद्दल, म्हणजे डॉक्टरांचा सल्ला नसताना सही करून पेशंट घरी नेतात त्याबद्दल. आमचे लोक सही करून पेशंट घेऊन निघाले की 'अडाणी आहेत' म्हणून मोकळे होतात. मी निघणाऱ्याला विचारलंय. कुणाची घरी लहान पोरं एकटी, कुणाची मजुरी बुडतेय, कुणाचे बैल शेजाऱ्याने किती दिवस सांभाळायचे, कुणाला जेवणाचे पैसे उरले नाहीत. बडव्याकडे (गावातल्या मांत्रिकाकडे) जायचंय हे कारणही असतं, पण त्या एका कारणाखाली बाकीची सगळी दडपू नका. गंडा बांधू द्या, औषधही घेऊ द्या, दोन्ही एका हाताला राहतं. आणि सही घेतली तरी औषधं कशी घ्यायची आणि परत कधी यायचं ते सांगा. डामा झालेल्याला परत येऊ नये असं थोडंच आहे.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या पोरांच्या आयांना तर वर्षानुवर्षं साथ लागते. २०२३ पासून केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान चालू आहे, तपासण्या वाढल्या, कार्ड मिळतं. पण हातात कार्ड देऊन 'दोघांकडून आलाय आजार' एवढंच सांगितलं की घरात सासू सुनेला बोल लावते. मी आई-बाप-सासू तिघांना बसवते आणि सांगते, दोघांकडून आलाय म्हणजे दोष एकट्या आईचा नाही. मग कामाचं: पाणी भरपूर, थंडीत अंग झाकून, हायड्रॉक्सियुरिया हे औषध लिहून दिलं असेल तर रोज, आणि ताप आला किंवा दुखणं घरच्या गोळीने थांबलं नाही तर सकाळची वाट बघायची नाही.

भुसावळ_जंक्शन

पैशाचं थोडक्यात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार बसतात, योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल असतं. भरती झाल्या दिवशीच सिस्टरने 'त्या टेबलावर जाऊन या, रेशनकार्ड-आधार घेऊन' एवढं बोट दाखवलं तरी उपकार होतात. आठ दिवसांनी कळून उपयोग नसतो.

आणि कॅन्सरवाल्यांना हमखास न सांगितलेली गोष्ट: उपचाराला जाताना रेल्वेत स्लीपर आणि थ्री-टायर एसीला पेशंटचं भाडं पूर्ण माफ, सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट. ठरलेल्या नमुन्यावर दवाखान्याचा सही-शिक्का लागतो. मुंबईला टाटाला फेऱ्या मारणाऱ्या घरांना आपल्या बाजूला हे फार मोठं आहे. फॉर्म वॉर्डातच ठेवा.

दादरची_भाकर

एक विचारायचं होतं. सासऱ्यांचं शेवटचं चालू आहे, घरीच आहेत. ते दोन दिवस काही खात नाहीत. नणंदा म्हणतात उपाशी मारताय. सलाईन लावा म्हणून मागे लागल्यात. मी काय करू?

तापीकाठची_सिस्टर

ताई, तुम्ही त्यांना उपाशी मारत नाही आहात, हे आधी. नणंदांना मोठ्याने वाचून दाखवलंत तरी चालेल.

शरीर बंद पडायला लागलं की भूक आधी जाते. खात नाहीत म्हणून ते चाललेले नाहीत. ते चाललेत म्हणून खाणं सुटलंय. अशा वेळी घास कोंबला तर तो श्वासनलिकेत जातो, ठसका लागतो, न्यूमोनिया होतो. सलाईनचंही तसंच. शेवटच्या दिवसांत शरीर ते पाणी वापरू शकत नाही, हातापायावर सूज येते, छातीत घरघर वाढते. त्यांच्या बाबतीत द्यायचं की नाही ते तुमच्या डॉक्टरांनी तपासून ठरवायचं, पण 'सलाईन नाही म्हणजे हयगय' असं अजिबात नाही.

पण आपल्याकडे प्रेम दाखवायची रीतच खाऊ घालायची. पोरगी सासरहून आली, घाल शेवभाजी. पाहुणा उठायला लागला, अजून एक मांडा. त्या लेकींना बापाला काही भरवायचं नाही असं नुसतं सांगितलं तर त्या हातांनी करायचं काय? म्हणून त्यांना काम द्या. स्वच्छ मऊ कापड पाण्यात भिजवून ओठ आणि जिभेवरून फिरवायचं, दर तासाभराने. ओठांना साजूक तूप किंवा व्हॅसलीन. ते जागे असतील, मागत असतील आणि गिळता येत असेल तर चमचाभर पाणी, चहा, बसतं करून. त्यांना आवडत असेल तर जिभेला मध नुसता लावा. तळपायाला तेल चोळा. एका लेकीला तोंड, एकीला पाय. भांडण अर्ध्या दिवसात थांबतं, मी वॉर्डात बघते.

पुढे काय दिसेल तेही सांगते, कारण ते न सांगितल्यामुळेच माणसं रात्री दोनला गाडी करून पळतात. झोप वाढेल. लघवी कमी होईल. हातपाय गार पडतील, गुडघ्यावर निळसर डाग येतील. श्वास मधेच थांबेल, मग परत मोठा येईल. घशात घरघर होईल. ती ऐकणाऱ्याला जेवढी त्रासाची वाटते तेवढी बहुतेक त्यांना जाणवत नसते. कुशीवर वळवा, उशी थोडी उंच करा. बोलत राहा, ऐकू येत असेल असं धरूनच बोला, आणि इस्टेटीचं त्या खोलीत नको. मात्र कण्हणं, कपाळाला आठ्या, धाप, अस्वस्थपणे कपडे ओढणं दिसलं तर तो त्रास आहे आणि त्यावर औषध आहे. तेव्हा फोन करायचाच.

आणि तुम्ही स्वतः आज जेवलात का? रात्री कोण जागतं? उत्तर 'मीच' असेल तर आज एक रात्र नणंदांवर टाका.

दादरची_भाकर

वाचून दाखवलं. मोठ्या नणंद गप्प झाल्या, मग कापड घेऊन बसल्या. डॉक्टरांना पण विचारलं, त्यांनीही सलाईनला नकोच म्हटलं. एक अजून. त्यांना मॉर्फिनची गोळी दिलीये. दीर म्हणतात अफूचीच ती, सवय लागेल, फारच दुखलं तरच देऊ.

तापीकाठची_सिस्टर

दुखण्याची वाट बघून द्यायची नाही, घड्याळ बघून द्यायची, लिहून दिलेल्या वेळेला. दुखणं एकदा चढलं की उतरवायला जास्त औषध लागतं. वेदनेसाठी डॉक्टरांच्या मापात दिलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागेल ही भीती या अवस्थेत बाळगायचं कारण नाही. सुरुवातीला गुंगी येते, मळमळ होते, ती बहुतेक कमी होते. बद्धकोष्ठ मात्र जात नाही, म्हणून सोबत पोट साफ होण्याचं औषध हवंच. ते लिहिलेलं नसेल तर उद्याच मागा. गोळ्या कुलपात ठेवा, उरलेल्या परत करा, आणि स्वतःच्या मनाने एकही जास्त नको.

घड्याळाप्रमाणे मॉर्फिन द्या, असं सगळ्या जगाला पटवणाऱ्या सिसिली सॉंडर्स आधी नर्स होत्या, डॉक्टर नंतर झाल्या. १९६७ साली लंडनला त्यांनी हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या माणसांची काळजी घेणारं रुग्णालय, काढलं. एवढा टेंभा मिरवायचा आम्हाला हक्क आहे.

आपल्याकडे मॉर्फिनचे नियम इतके किचकट होते की दवाखाने ठेवतच नसत. २०१४च्या कायदा दुरुस्तीनंतर मान्यता घेतलेल्या संस्थांना ते सोपं झालं. देशाचा पॅलिएटिव्ह केअर (गंभीर आजारात त्रास कमी करणाऱ्या उपचारांचा) कार्यक्रम २०१२पासून आहे, तेव्हा जिल्हा रुग्णालयात 'पॅलिएटिव्ह कक्ष कुठे' असं नाव घेऊन विचारा. नुसतं 'काही इलाज आहे का' विचारलं तर 'नाही' म्हणूनच परत पाठवतात.

रात्रपाळी_ब्रदर (जळगाव)

माणूस गेल्यानंतरचं पण घ्या तासात. आम्ही नळ्या काढतो, कापूस लावतो, कागद पुढे करतो, 'बॉडी कधी नेणार?' अर्ध्या तासापूर्वी ते बापू होते. बापूच म्हणा ना. वॉर्डात दुसरा पेशंट वाट बघतोय हे मलाही कळतं, पण तोंडात तुळशीचं पाणी घालायला, एकदा पडदा ओढून रडायला दहा मिनिटं देता येतात. लेक सुरतेहून निघाली असेल तर चेहरा नीट करून, डोळे मिटवून ठेवता येतात. दाखला कुठून, गाडी कुठून, हे एका कागदावर लिहून द्या, त्या वेळी सांगितलेलं कुणाच्या डोक्यात राहत नाही.

अमळनेरची_लेक

हे वाचून राहवलं नाही. आई गेल्यानंतर सिस्टरांनी एकदा फोन केला होता. दोनच मिनिटं. 'झोप लागते का?' विचारलं. मला लागत नव्हती. त्यांनीच १४४१६ नंबर दिला, टेलिमानसचा, सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, मराठीत बोलता येतं. फोन करायला मला महिना लागला, पण केला.

केळीवाला_रावेर

सिस्टर, जाता जाता एक. वडिलांच्या कंबरेला लाल डाग दिसतोय. हवेची गादी भाड्याने आणली तर कूस बदलायची गरज नाही ना? आणि शेजारचे म्हणतात खाली सायकलची ट्यूब ठेवा, डाग चोळा.

तापीकाठची_सिस्टर

गादी आणा, पण कूस तरीही बदलायची, साधारण दर दोन तासांनी, रात्रीचीही पाळी लावून. ट्यूब नको, तिच्या कडेचा दाब पडून रक्तपुरवठा उलट अडतो. लाल डाग चोळायचा नाही. बोटाने दाबून सोडा. पांढरा होऊन परत लाल झाला तर वजन काढल्यावर सुधारायची आशा असते. दाबूनही लालच राहिला, काळपट झाला किंवा कातडी फुटली तर त्याच दिवशी दाखवा. टाचा अधांतरी राहतील अशी उशी पोटऱ्यांखाली ठेवा. चादरीला सुरकुती नको. आणि ओढून सरकवू नका, दोघांनी चादरीसकट उचला. वहिनी एकट्या करत असतील तर त्यांची कंबर आधी जाईल.

फोटो इथे टाकू नका, मला मेसेज करा.